पोटातला दिवा



आज पोटाची गोष्ट सांगतो. पोट कुणाला चुकले आहे? राजाला आहे, रंकाला आहे. आपण दिवसभर राबतो ते पोटासाठीच. पण त्या पोटाच्या आत काय चालले आहे, ते कुणी पाहिले आहे? विहिरीत डोकावता येते. कणगीत हात घालून धान्य बघता येते. पोटात कसे डोकावणार?

आता तेही येते. आत दिवा नेऊन, उजेड पाडून बघता येते. ते कसे, आणि कशासाठी, हे या धड्यात सांगतो. पण आधी माझ्या घरची गोष्ट ऐका.

दादांचे पोट

माझे थोरले बंधू होते. आम्ही त्यांना दादा म्हणत असू. अंगाने दणकट. ज्वारीचे पोते एकट्याने पाठीवर घेत. पण तिशीपासून त्यांचे पोट दुखू लागले. बेंबीच्या वर आणि छातीच्या खाली दुखे. रात्री दोनच्या सुमारास ते उठून बसत. वहिनी खायचा सोडा पाण्यात कालवून देत. ढेकर येई. बरे वाटे. पुन्हा झोपत.

"पित्त आहे, दुसरे काय!" असे दादा म्हणत. कुणी म्हणाले, मिरची सोडा. सोडली. कुणी म्हणाले, कुणीतरी करणी केली आहे. नारळ झाला, कोंबडे झाले. दुकानातल्या गोळ्या झाल्या. अशी वीस वर्षे गेली.

मग जेवण तुटले. सदरा अंगावर ढगळ होऊ लागला. शौचाला डांबरासारखे काळे होऊ लागले. १९९८ साली आम्ही त्यांना शहरात नेले. तिथे दुर्बीण घातली. जठराचा कॅन्सर निघाला. तो पसरला होता. चार महिन्यांत दादा गेले.

मी तेव्हा शाळामास्तर होतो. गावच्या पोरांना शिकवत होतो. पण माझ्याच घरात एका माणसाचे पोट वीस वर्षे का दुखते, हे मी कुणा जाणत्याला विचारले नाही. ते माझ्या मनाला अजून लागते. म्हणून हा धडा लिहितो आहे.

जठर म्हणजे काय?

आपण घास गिळतो. तो अन्ननळीतून खाली उतरतो आणि एका पिशवीत पडतो. ती पिशवी म्हणजे जठर. या पिशवीत आंबट रस पाझरतो. तो लिंबापेक्षाही कडक. त्या रसात अन्नाचे पीठ होते आणि पुष्कळसे जंतू मरतात.

मग एवढा कडक रस पिशवीलाच कसा जाळत नाही? कारण पिशवीच्या आतल्या अस्तरावर बुळबुळीत थर असतो. मातीची चूल आपण सारवून ठेवतो ना, तसेच हे सारवण समजा. सारवण शाबूत तोवर पिशवी सुखरूप. सारवण उडाले की आग लागते, जखम पडते. त्या जखमेला अल्सर म्हणतात.

सारवण कोण उकरते?

पूर्वी डॉक्टर म्हणत, अल्सर होतो तो काळजीने, तिखटाने आणि आंबट रस वाढल्याने. जठरात जंतू जगूच शकत नाहीत, असे सगळे धरून चालले होते.

ऑस्ट्रेलिया देशात पर्थ नावाचे शहर आहे. तिथे रॉबिन वॉरन नावाचे डॉक्टर होते. रोग्यांच्या जठराचे बारीक तुकडे सूक्ष्मदर्शक यंत्राखाली पाहणे हे त्यांचे काम. १९७९ साली त्यांना त्या तुकड्यांवर वाकडे, पीळ घातलेले जंतू दिसले. पुढे बॅरी मार्शल नावाचे तरुण डॉक्टर त्यांना येऊन मिळाले. दोघांनी ते जंतू काचेच्या बशीत वाढवायचा यत्न केला. दोन दिवसांत काही उगवले नाही की बशी फेकून देत. १९८२ साली ईस्टरच्या सणाची सुटी आली. बश्या तशाच राहून गेल्या. सुटीनंतर बघतात तो काय, जंतू वाढलेले! त्यांना दोन दिवस पुरत नव्हते, जास्त दिवस लागत होते. आपल्याकडेही काही बी उशिरा उगवते, तसेच ते.

लोकांचा विश्वास बसेना. तेव्हा १९८४ साली मार्शल यांनी ते जंतू कालवलेले पाणी स्वतःच पिऊन टाकले! थोड्याच दिवसांत त्यांना ओकाऱ्या होऊ लागल्या. दुर्बीण घालून पाहिले तर जठर सुजलेले, आणि त्यात तेच जंतू. मग औषध घेऊन ते बरे झाले. असले धाडस आपण करायचे नाही हो! पण त्या माणसाने ते केले. २००५ साली वॉरन आणि मार्शल या दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले.

या जंतूचे नाव हेलिकोबॅक्टर पायलोरी. नाव लांब आहे. आपण त्याला "पिळाचा जंतू" म्हणू.

हा जंतू आंबट रसात तरतो कसा? यातली खुबी शेतकऱ्याला लगेच कळेल. गोठ्यात मुताचा उग्र वास येतो, नाकात झोंबतो. मुतात युरिया असतो. तो फुटला की अमोनिया वायू निघतो, त्याचा तो वास. आपल्या जठरातही थोडा युरिया असतो. पिळाचा जंतू तो फोडतो आणि अमोनिया करतो. अमोनियाने त्याच्याभोवतीचा आंबटपणा मरतो. असे स्वतःपुरते कुंपण घालून तो सारवणात दडून बसतो.

जगातल्या जवळजवळ निम्म्या माणसांच्या पोटात हा जंतू आहे. आपल्या देशातही तो फार आहे. बहुतेकांना तो लहानपणीच, घरातल्या घरात लागतो. पण घाबरू नका. तो आहे म्हणजे रोग झालाच असे नाही. पुष्कळांना जन्मभर काही त्रास होत नाही. दहांतल्या एखाद्याला अल्सर होतो. शंभरांतल्या एक-दोघांना, फार वर्षांनी, कॅन्सर होतो. म्हणून १९९४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने या जंतूला कॅन्सर करणाऱ्या गोष्टींच्या यादीत घातले.

दादांच्या पोटात हा जंतू होता का? तेव्हा कुणी पाहिले नाही. पाहिले असते तर कदाचित वेळ हाती आला असता.

दुर्बीण कशी आली?

पोटात डोकावायची खटपट फार जुनी आहे. १८६८ साली जर्मनीत कुसमाउल नावाच्या डॉक्टरांनी तलवार गिळण्याचा खेळ करणाऱ्या एका माणसाला बोलावले. त्याच्या घशातून सरळ, ताठ नळी खाली घातली. नळी गेली, पण आत अंधार! उजेड पुरेना, मग दिसणार काय?

पुढे १९५० साली जपानात नळीच्या टोकाला इवलासा कॅमेरा बसवला. तो आत जाऊन फोटो काढी. पण फोटो धुऊन येईपर्यंत डॉक्टरांना काही दिसत नसे. १९५७ साली अमेरिकेत हिर्शोविट्झ नावाच्या डॉक्टरांनी केसासारख्या बारीक काचतंतूंची, वाकणारी दुर्बीण केली. ती त्यांनी प्रथम स्वतः गिळून पाहिली. काचतंतूंच्या जुडग्यातून चित्र नेता येते, हे १९५४ साली इंग्लंडात हॉपकिन्स आणि आपल्या पंजाबचे नरिंदरसिंग कपानी यांनी दाखवले होते. पाहा, एका दिव्यासाठी किती देशांचे हात लागले!

आताची दुर्बीण म्हणजे करंगळीएवढ्या जाडीची, लवचीक नळी. टोकाला दिवा आणि कॅमेरा. आतले चित्र समोरच्या पडद्यावर मोठे होऊन दिसते. या तपासणीला डॉक्टर एंडोस्कोपी म्हणतात.

निळा-हिरवा उजेड

आता खरी गंमत ऐका. साध्या पांढऱ्या उजेडात जठराचे अस्तर गुलाबी दिसते. त्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या तांबड्या. गुलाबीवर तांबडे! लाल लुगड्यावर कुंकवाचा डाग पडला तर चटकन दिसतो का? नाही. तसेच इथे होते.

मग युक्ती काय? घरी एक प्रयोग करा. हिरव्या काचेचा तुकडा घ्या. कडा हाताला लागू देऊ नका. त्यातून कपाळाचे कुंकू बघा. कुंकू काळपट दिसेल. पांढऱ्या उजेडात सगळे रंग मिसळलेले असतात. हिरवी काच त्यातला हिरवाच पुढे सोडते. तांबडी वस्तू हिरवा आणि निळा उजेड पिऊन टाकते. म्हणून ती काळी दिसते.

हीच युक्ती दुर्बिणीत केली. दिव्यातला फक्त निळा आणि हिरवा उजेड आत सोडला. रक्त तो उजेड पिते. त्यामुळे रक्तवाहिन्या गडद उठून दिसतात. निळा उजेड वरच्या वर राहतो, म्हणून अस्तराच्या वरच्या केसासारख्या वाहिन्या तपकिरी दिसतात. हिरवा थोडा खोल जातो, म्हणून खालच्या वाहिन्या हिरवट-निळ्या दिसतात. जपानच्या ऑलिंपस कंपनीने असा उजेड २००५-०६ च्या सुमारास बाजारात आणला. त्याला नॅरो बँड इमेजिंग म्हणतात. जपानच्याच फुजिफिल्म कंपनीने पुढे दुसरी तऱ्हा काढली. तिचे नाव लिंक्ड कलर इमेजिंग. तिच्यात तांबडे आणखी तांबडे दिसते आणि फिके आणखी फिके. काही दुर्बिणी चित्र ऐंशी-शंभर पट मोठे करूनही दाखवतात.

डॉक्टर काय बघतात?

निरोगी जठराच्या मधल्या भागात बारीक तांबडे ठिपके असतात. सारख्या अंतरावर, जणू बायकांनी रांगोळीचे ठिपके काढले आहेत. हे ठिपके म्हणजे रक्त गोळा करणाऱ्या इवल्या शिरा. २००२ साली जपानचे डॉक्टर यागी यांनी दाखवून दिले की हे ठिपके नीट दिसले, तर जठरात पिळाचा जंतू बहुधा नाही असे समजावे.

जंतू असला की अस्तर सुजते. सुजेखाली ठिपके झाकून जातात. कुणी पायाने रांगोळी पुसावी तसे. मग अस्तर सगळीकडे लाल दिसते. चिकट पांढरा बेडका जागोजाग चिकटलेला दिसतो. जठराच्या घड्या जाड होतात. काहींच्या, विशेषतः तरुणांच्या, जठरावर सोललेल्या कोंबडीच्या कातडीसारखे बारीक फोड दिसतात.

जंतू फार वर्षे राहिला तर अस्तर झिजते. फिके पडते, पातळ होते. झिजलेल्या लुगड्यातून अंग दिसावे तशा खालच्या शिरा दिसू लागतात. पुढे काही ठिकाणी जठराच्या अस्तराचे रूप पालटून ते आतड्याच्या अस्तरासारखे होते. असे जठर असले की कॅन्सरचा धोका वाढतो. तिथे डॉक्टर फार बारकाईने बघतात. नव्या उजेडाचा खरा फायदा इथेच आहे. कॅन्सर अगदी तांदळाच्या कणीएवढा असताना सापडला, तर पुष्कळदा पोट न फाडता, दुर्बिणीतूनच काढता येतो.

या सगळ्या खुणा जपानी डॉक्टरांनी एकत्र करून २०१४ साली पुस्तकात मांडल्या. त्याला क्योटो वर्गीकरण म्हणतात.

पण एक गोष्ट ध्यानात घ्या. दिसले म्हणजे पक्के झाले असे नाही. अस्तर दुसऱ्या कारणांनीही लाल होते. अंगदुखीच्या गोळ्या रोज खाल्ल्या तरी होते. म्हणून डोळ्यांनी पाहिल्यावर डॉक्टर पुरावा मागतात.

हळद आणि चुना

पुरावा कसा मिळतो? दुर्बिणीतून बारीक चिमटा घालून अस्तराचे तांदळाच्या दाण्याहून लहान तुकडे घेतात. ते घेताना दुखत नाही. त्यातला एक तुकडा एका पिवळ्या औषधात टाकतात. त्या औषधात युरिया असतो. तुकड्यात जंतू असले तर ते युरिया फोडतात, अमोनिया निघतो आणि पिवळे औषध लाल-गुलाबी होते. हळदीला चुना लागला की लाल होते, आपले कुंकू तसेच करतात, ठाऊक आहे ना? जवळजवळ तीच रीत.

आपल्याकडे लोक म्हणतात, "तुकडा काढला की कॅन्सर पसरतो." मीही हे ऐकत आलो. हे खरे नाही. तुकडा काढल्याने कॅन्सर होत नाही आणि पसरतही नाही. उलट तुकडा न काढल्याने रोग कळायला उशीर होतो. आम्हीही दादांना अशाच भीतीने दोन महिने घरी ठेवले होते.

माझी पाळी

दोन वर्षांपूर्वी माझेही पोट जळू लागले. मी सवयीने सोड्याचा डबा शोधू लागलो. आमच्या घरच्या मंडळींनी तो डबा उचलून वर ठेवला आणि म्हणाल्या, "दादांचे झाले तेवढे पुरे. आधी डॉक्टर, मग सोडा."

मुलगा मला घेऊन शहरात गेला. आदल्या रात्री आठनंतर मी काही खाल्ले नाही. डॉक्टरीणबाई तरुण, माझ्या विद्यार्थिनी शोभतील अशा. त्यांनी आधी विचारले, "गुरुजी, रक्त पातळ करण्याची गोळी चालू आहे का? पित्ताची गोळी चालू आहे का?" पित्ताची गोळी त्यांनी दोन आठवडे आधीच बंद करायला सांगितली होती. ती चालू असली की जंतू दबून बसतात आणि तपासणीत सापडत नाहीत.

घशात बधिर करणारा फवारा मारला. डाव्या कुशीवर निजवले. दातांत कडे दिले. नळी घशातून जाताना उमासा आला, खोटे कशाला सांगू? डोळ्यांना पाणी आले. बाई म्हणाल्या, "नाकाने श्वास घ्या. लाळ गिळू नका, बाहेर येऊ द्या." पाच-सात मिनिटांत काम झाले. तेवढ्यासाठी मी आठ दिवस झोपलो नव्हतो!

मग त्यांनी फोटो दाखवले. म्हणाल्या, "गुरुजी, हे ठिपके इथे दिसायला हवे होते. तुमचे पुसले गेले आहेत." निळ्या-हिरव्या उजेडातला फोटो दाखवला. त्यात एका बाजूचे अस्तर झिजलेले होते. तुकडा टाकलेले औषध लाल झाले. जंतू होता. कॅन्सर नव्हता. मी हात जोडले. मला दादा आठवले.

चौदा दिवस औषध घेतले. जंतू मारणारी औषधे आणि आंबट रस कमी करणारी गोळी. तोंड कडू झाले, पोट ढिले झाले, पण एकही गोळी सोडली नाही. औषध अर्ध्यावर सोडले की उरलेले जंतू निगरगट्ट होतात आणि पुढे त्याच औषधाला दाद देत नाहीत. अर्धवट निंदलेल्या शेतात तण दुप्पट माजते, तसेच. औषध संपल्यावर महिनाभराने फुंकरीची तपासणी केली. खास युरियाचे पाणी पिऊन पिशवीत फुंकायचे. श्वासावरून जंतू आहे की गेला ते कळते. माझा गेला होता.

तरीही बाईंनी तीन वर्षांनी पुन्हा दुर्बीण करायला सांगितले आहे. जंतू गेला, पण झिजलेले अस्तर पुरते भरून येतेच असे नाही. त्यावर नजर ठेवावी लागते. मी जाणार आहे.

सगळ्यांनी दुर्बीण करावी का?

नाही. एखाद दिवस जळजळले म्हणून कुणी दुर्बीण करत नाही. तरुण माणसाला, धोक्याची खूण नसेल तर, फुंकरीची किंवा शौचाची तपासणी पुष्कळदा पुरते. नवा उजेडही सगळ्याच दवाखान्यांत नाही. तो नसला म्हणून अडून बसू नका. साधी दुर्बीण आणि तुकड्याची तपासणी यांनीही जंतू सापडतो. नव्या उजेडाने बघणाऱ्याची नजर तीक्ष्ण होते, इतकेच.

पण पुढच्या खुणा दिसल्या तर एक दिवसही घालवू नका. शौचाला डांबरासारखे काळे होणे. रक्ताची ओकारी. कारण नसताना वजन उतरणे. घास अडकणे. सारख्या ओकाऱ्या. आणि पन्नाशीनंतर नव्यानेच सुरू झालेले पोटाचे दुखणे. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळे होते, पण ते डॉक्टरांना ठरवू द्या.

ध्यानात ठेवा

१. पोट सारखे दुखत असेल तर सोड्यावर वर्षे काढू नका.

२. अल्सर बहुधा जंतूने किंवा अंगदुखीच्या गोळ्यांनी होतो. करणीने होत नाही.

३. दुर्बिणीला भिऊ नका. तुकडा काढल्याने कॅन्सर पसरत नाही.

४. औषध पूर्ण घ्या. मग जंतू गेला की नाही ते तपासून घ्या.

५. दुकानातून आपल्या मनाने जंतूची औषधे घेऊ नका.

६. जेवणाआधी आणि शौचाहून आल्यावर साबणाने हात धुवा. पाणी स्वच्छ प्या. तंबाखू आणि मिश्री सोडा.

मंडळी, तुम्ही आता वाचायला शिकलात. हा धडा घरातल्या ज्या माणसाचे पोट दुखते, त्याला वाचून दाखवा. दादांना असे कुणी वाचून दाखवले नाही. तुमच्या घरात ती चूक होऊ देऊ नका.